सव्वापाचची गाडी

निलंग्याच्या कन्याशाळेत मला खुर्ची दिली,
एक गुलाब, प्लास्टिकच्या कागदासकट.
फळ्यावर रंगीत खडूनं: शिवकन्या बिराजदार, वायरमन.
'मन'खाली कुणीतरी बारीक रेघ ओढलेली,
शंकेनं की चेष्टेनं, कळलं नाही.

हेडमास्तर म्हणाले, यांनी वेगळी वाट निवडली.
टाळ्या पडल्या.
मी त्या 'निवडली'कडे बघत राहिले
वापरापेक्षा जास्त आलेल्या बिलाकडे बघावं तशी.

मागच्या बाकावरून नाजमीन शेख उठली.
"मॅडम, तुमी सोताहून निवडलं, का घरच्यांनी लावलं?"

दहावीला विज्ञानात मला एक्क्याऐंशी होते.
अकरावीचं प्रॅक्टिकल सुटायचं साडेपाचला,
आमच्या गावाची शेवटची गाडी सव्वापाचला.
त्या पंधरा मिनिटांत
बाप नव्हता, भाऊबंद नव्हते, कुणाचं वाकडं मन नव्हतं.
डेपोतल्या कुण्या कारकुनानं एकदा वेळापत्रक लिहिलं
आणि डबा खायला गेला.
मी आर्ट्स घेतलं.
बाबा म्हणाले, तुझ्या मनानंच घेतलंस ना?
हो म्हणाले. खोटं नव्हतं ते.
गाडी नसली की मनही गावातच मुक्काम करतं.

मग डीएड. कारण मामाच्या पोरीचं डीएड,
तिच्या नणंदेचं डीएड,
"पोरीच्या जातीला बरं असतंय, अकरा ते पाच."
भरती निघाली नाही. पाच वर्षं
शेजारच्या लेकरांना पाढे शिकवले,
सत्तावीसच्या पाढ्याला माझंही वय सत्तावीस झालं.

आयटीआयला गेले ती शिवणकामाचा फॉर्म भरायला.
जागा संपल्या होत्या.
खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला,
"वीजतंत्रीत बायांची एक रिकामी हाय. टाकू का?"
मी म्हणाले, टाका.
शिवण हुकलं,
टाका तेवढा माझा.

पहिल्यांदा खांबावर चढले तेव्हा खाली अर्धं गाव.
"कामून चढायलीस माय, उतर," एक म्हातारी रडकुंडीला आली.
कमरेचा पट्टा पुरुषाच्या मापाचा,
शेवटच्या छिद्रातही सैल.
त्या रात्री चुलीपाशी बसून दाभण तापवलं
आणि एक छिद्र जास्तीचं पाडलं.
कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही.
कातड्याचा वास दोन दिवस घरात होता.

सासूबाई म्हणायच्या, सुनेनं लायनीवर जाऊ नये.
नोकरी परमनंट झाली, तेव्हापासून
रात्री दोनला फिडर गेला की
त्याच बॅटरी धरून फाटकापर्यंत येतात.
मन बदललं की हिशोब, मी विचारलं नाही.
उजेड पडतो, तेवढं बघते.

यातलं काय सांगू त्या पोरीला?
नाजमीन उभीच होती.
हेडमास्तरांनी घड्याळ बघितलं.
माझ्या पाठीमागच्या बॅनरवर लिहिलं होतं
स्वप्न तुमचं, निर्णय तुमचा,
आणि एका कोपऱ्यातली दोरी सुटून
'निर्णय' दुमडला होता.

मी विचारलं, "गाव कोणतं गं तुझं?"
तिनं सांगितलं.
"शेवटची गाडी कितीला असती?"
"पाचला, मॅडम."
पोरी हसल्या. मग एकेक करून थांबल्या.
पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी
बोटांवर काहीतरी मोजू लागल्या.

येताना डेपोत गेले.
चौकशीची खिडकी बंद, काचेआड वेळापत्रक,
आमच्या गावापुढं अजून तेच सव्वापाच,
शाई उडालेली, पण वाचता येणारी.
अर्ज लिहावा म्हणून पिशवी उपसली.
पक्कड होती, टेस्टर होता,
चेंगरलेला गुलाब होता.
पेन नव्हता.
बाकावर एक कंडक्टरीण डबा खात होती,
तिच्याकडं मागितला.